मोठ्या आवाजातलं लाजरं प्रेम

एक गोष्ट आठवून बघा. तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचे असताना एखादं गाणं मुद्दाम मोठ्यानं लावलं होतं का? आवाज अख्ख्या गल्लीत जाईल एवढा, पण ते ऐकावं एकाच घरातल्या एकाच माणसानं, या आशेवर? खिडकी उघडी, रेडिओ किंवा टेप किंवा स्पीकर खिडकीत आणि आपण मात्र आत, भिंतीला पाठ लावून उभे. गाणं बाहेर ओरडून सांगतंय आणि आपल्या तोंडून मात्र शब्द फुटत नाही.

आठवलं ना? मग आजचा लेख तुमच्यासाठीच आहे. आणि तुमच्या घरात सध्या कोणी पंधरा-सोळा वर्षांचं असेल, तर जरा जास्तच.

आमच्या घरी, भिलाई-३ मध्ये, गेल्या पावसाळ्यात एक छोटं वादळ झालं. माझा धाकटा भाऊ अकरावीत आहे. त्याच्या फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर आईला एक यादी सापडली. एक ते चौदा आकडे, प्रत्येकापुढे एका गाण्याचं नाव आणि सगळ्यात खाली एक अक्षर. फक्त एक अक्षर! पण आईला तेवढं पुरलं. फोन कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. बाबा यार्डातली ड्यूटी संपवून आले, तेव्हा त्यांना जेवणाआधी ही बातमी मिळाली. त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही.

शेवटी आजी म्हणाली, "अगं, गाणी कोणती आहेत ते तरी वाचून दाखवा."

मी वाचून दाखवली. काही हिंदी, काही मराठी, तीन-चार इंग्रजी. खरं सांगायचं तर त्यातली दोन इंग्रजी गाणी मीच त्याला ऐकवली होती, म्हणून माझाही आवाज जरा खालीच होता. आजीनं दोन-तीन गाणी माझ्या फोनवर लावायला सांगितली. ऐकली. मग तिनं एक प्रश्न विचारला, जो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

"ही पोरं एवढी ओरडतात कशाला? सांगायचं तर हळूच असतं ना?"

हळूच सांगायचं, पण जोरात

आजीला माहीत नव्हतं, पण तिनं एका अख्ख्या संगीतप्रकाराचं मर्म दोन वाक्यांत सांगितलं होतं. त्या प्रकाराचं नाव 'पॉवर पॉप'.

हा शब्द वापरात आणला तो 'द हू' या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनशेंडनं, १९६७ साली. आपला बँड कसलं संगीत वाजवतो हे सांगताना त्यानं तो वापरला. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या अनेक बँडना हे नाव चिकटलं.

यात असतं काय? पहिल्यांदा ऐकल्यावरच गुणगुणता येईल अशी चाल. दोन-तीन जणांनी मिळून गायलेला मुखडा. लखलखणाऱ्या गिटारी. छातीत बसेल असा ड्रमचा ठेका. आणि सगळा खेळ साधारण तीन मिनिटांत आटोपता. हे झालं 'पॉवर'चं. पण या सगळ्या दणदणाटाच्या मधोमध जो मुलगा उभा असतो, तो बहुतेक वेळा अजून काहीच बोललेला नसतो. ती कधी दिसेल, बघेल का, हसेल का, एवढ्यावरच त्याचं गाणं उभं असतं.

बीटल्सचं १९६३ सालचं 'आय वाँट टू होल्ड युवर हँड' घ्या. जगभर धुमाकूळ घातलेल्या या गाण्यात मागणं किती आहे? फक्त हात हातात घेण्याचं. एवढ्याशा मागणीसाठी चार जण, तीन गिटारी आणि ड्रमचा पूर्ण संच!

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. तिथे जॉन कीट्सची एक प्रसिद्ध कविता होती, १८१९ सालची, एका ग्रीक कलशावर. कलशावरच्या चित्रातला प्रियकर प्रेयसीच्या अगदी जवळ पोहोचलाय, पण तो कायम तिथेच थांबलेला. त्याला ती कधीच भेटणार नाही आणि म्हणूनच ती कधी म्हातारी होणार नाही, त्याचं प्रेमही शिळं होणार नाही. वर्गात हे ऐकताना मला जांभया येत होत्या. भावाची यादी वाचताना मात्र कीट्सचा तो कलश डोळ्यांपुढे आला. पॉवर पॉपचं गाणंही असंच त्या एका क्षणात थांबलेलं असतं. उत्तर यायच्या आधीच्या क्षणात.

गिटारचाही आवाज फुटतो

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. ओरडायचं कशाला?

एक साधं तांत्रिक कारण आधी पाहू. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमधून मोठा होतो. त्या यंत्राची एक मर्यादा असते. त्यापलीकडे आवाज वाढवला की ध्वनिलहरींची टोकं कापली जातात आणि स्वर खरखरीत, फाटल्यासारखा येतो. सुरुवातीला हा दोष मानला जायचा. रॉकच्या वादकांना मात्र तोच आवडला आणि ते मुद्दाम गिटार अशी 'फाडून' वाजवू लागले.

आता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज आठवा. आपण म्हणतो, याचा आवाज फुटलाय. कालपर्यंत गोड गाणारा मुलगा अचानक घोगरा बोलायला लागतो आणि मध्येच एखादा शब्द वर उडतो. आत जे मावत नाहीये ते बाहेर येताना गळ्याची मर्यादा ओलांडतंय असं वाटावं. गिटारचा फाटलेला स्वर आणि मुलाचा फुटलेला आवाज मला तरी भाऊ-भाऊ वाटतात.

दुसरं कारण लाजेचं आहे. शांत खोलीत 'तू मला आवडतेस' म्हणणं फार कठीण. गोंगाटात तेच वाक्य सोपं जातं, कारण ऐकू गेलं नाही तर निभावून नेता येतं. मोठा आवाज लाजऱ्या मुलाला आडोसा देतो. गणपतीच्या मांडवासमोर बँजो आणि ताशा वाजत असताना जी मुलं बेभान नाचतात, त्यातली निम्मी एरवी मान वर करून बोलत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आणि तिसरं कारण संगीताचंच. ख्याल ऐकताना आपण समेची वाट बघतो. गायक लांबवर फिरून येतो, आपण जीव मुठीत धरून बसतो आणि समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात. पॉपमध्ये समेचं हे काम मुखडा करतो. अंतऱ्यात मुलगा चाचरतो, अडखळतो आणि मुखड्यावर सगळी वाद्यं एकदम तुटून पडतात. वाट पाहणं आणि मोकळं होणं, हे आधी सुरांत घडतं. शब्द नंतर येतात.

टोकियोतलं एक नवल

'चीप ट्रिक' नावाचा एक अमेरिकी बँड. १९७७ साली त्यांनी 'आय वाँट यू टू वाँट मी' हे गाणं काढलं. नावातच सगळं आलं: तुला मी हवा असावं, एवढंच मला हवंय. अमेरिकेत ते चाललं नाही. जपानमध्ये मात्र ते गाजलं. १९७८ मध्ये बँड टोकियोला गेला आणि बुडोकान सभागृहात त्यांनी कार्यक्रम केला. त्याचं ध्वनिमुद्रण पुढे अमेरिकेत आलं आणि १९७९ मध्ये तेच पडलेलं गाणं तिथेही पहिल्या दहात पोचलं.

फरक काय होता? ते ध्वनिमुद्रण ऐका म्हणजे कळेल. त्यात जपानी मुलींच्या किंकाळ्या आहेत, ओळीओळीला. स्टुडिओतल्या गाण्यात एक मुलगा एकटाच विनवण्या करत होता. टोकियोत त्याला समोरून उत्तर मिळालं. ओढ एकट्याची असते तेव्हा ती केविलवाणी वाटते, पण तीच हजारोंची झाली की उत्सव होतो.

याच्या अगदी उलट उदाहरण 'बिग स्टार'चं. मेम्फिस शहरातला हा बँड, नाव घेतलेलं एका किराणा दुकानांच्या साखळीवरून. १९७२ साली त्यांचा पहिला अल्बम आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण दुकानांत तो नीट पोचलाच नाही. त्यात 'थर्टीन' नावाचं एक गाणं आहे, तेरा वर्षांच्या वयाचं. एरवी जोरकस वाजवणारा हा बँड इथे ड्रम बाजूला ठेवतो आणि साध्या लाकडी गिटारींवर हळूच गातो. शाळा सुटल्यावर तुला घरापर्यंत सोडू का, अशा वळणाचं ते बोलणं. गाणारा ॲलेक्स चिल्टन तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता आणि सोळाव्या वर्षीच दुसऱ्या बँडबरोबर 'द लेटर' हे अव्वल क्रमांकाचं गाणं गाऊन मोकळा झालेला. म्हणजे कोवळं वय त्यानं स्टेजवर घालवलं आणि नंतर ते गाण्यात शोधलं. पुढच्या पिढीतल्या कितीतरी बँडनी बिग स्टारला गुरू मानलं.

भावाला मी ऐकवलेल्या दोन गाण्यांपैकी हे एक. यादीत ते नवव्या नंबरवर होतं.

आपल्याकडची शीळ आणि मंद वारा

"आमच्या वेळी असं नव्हतं," असं आजी म्हणाली नाही, हे मला विशेष वाटलं. ती गोंदियाकडची. तिनं वेगळंच सांगितलं. म्हणाली, "आमच्या वेळी रेडिओ होता. घरातले सगळे एकच गाणं ऐकायचे आणि ज्याच्या-त्याच्या मनात वेगळं माणूस असायचं."

मराठी भावगीताची सुरुवात ज्या गाण्यापासून मानतात, त्या 'रानारानांत गेली बाई शीळ'ची आठवण इथे काढायलाच हवी. कवी ना. घ. देशपांडे, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे. गायक जी. एन. जोशी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. विषय काय, तर रानातून आलेली एक शीळ आणि ती ऐकून हललेलं एका मुलीचं मन. इलेक्ट्रिक गिटार यायच्या आधीही मुलं लांबूनच काहीतरी वाजवत होती म्हणायची!

पण भावगीताचा रस्ता पॉवर पॉपच्या उलट गेला, आणि त्याला कारण यंत्रच होतं. संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. मायक्रोफोन आणि रेडिओ आले आणि गायकाला कुजबुजण्याची मुभा मिळाली. एकाच माणसाच्या कानात सांगितल्यासारखं गाणं शक्य झालं. परदेशात विजेनं प्रेमगीत मोठं केलं, आपल्याकडे त्याच विजेनं ते हळू केलं.

'शुक्रतारा मंद वारा' हे याचं सगळ्यात लाडकं उदाहरण. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. अरुण दाते मूळचे इंदूरचे, १९३४ साली जन्मलेले आणि शिक्षणानं टेक्स्टाइल इंजिनियर. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आमच्यासारख्या मराठी मुलांना ही गोष्ट ऐकून उगाच बरं वाटतं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, अशा शहरातून आलेल्या माणसानं अख्ख्या महाराष्ट्राला हळूच बोलायला शिकवलं.

त्यांचंच 'भातुकलीच्या खेळामधली', पुन्हा पाडगावकरांचं, संगीत यशवंत देवांचं. लहानपणच्या खेळातले राजा-राणी आणि त्यांची अर्धी राहिलेली गोष्ट. ऐकायला इतकं कोवळं आणि आत इतकं दुखरं. 'थर्टीन' आणि हे गाणं एकापाठोपाठ ऐकून बघा. भाषा वेगळी, वाद्यं वेगळी, पण दोघांनी हात ठेवलाय तो एकाच जागी.

गिटार मराठी बोलू लागली

गिटार मराठीत अचानक आली नाही. शाहीर साबळ्यांचे चिरंजीव देवदत्त साबळे यांनी चाल लावलेलं, शांता शेळक्यांनी लिहिलेलं आणि जयवंत कुलकर्णींनी गायलेलं 'ही चाल तुरुतुरु' तुम्हाला पाठ असेल. लग्नाच्या वरातीत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, ऑर्केस्ट्रात ते अजून वाजतं. उडता ठेका, पहिल्या झटक्यात पाठ होणारा मुखडा आणि लांबून बघणारा एक मुलगा. पॉवर पॉपच्या व्याख्येत याहून जवळचं जुनं मराठी गाणं मला तरी सापडत नाही.

मग १९९८ साली 'गारवा' आला. मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज, सौमित्र म्हणजे किशोर कदम यांच्या कविता. गाण्याच्या आधी कवी स्वतः बोलतो, मग गाणं सुरू होतं आणि सगळीकडे पाऊस. सिनेमा नाही, नायक-नायिका नाहीत. त्यामुळे ज्याला-त्याला स्वतःचा चेहरा त्यात घालता आला. माझ्या मावशीकडे त्याची कॅसेट होती. ऐकून-ऐकून तिची फीत ढिली पडली होती आणि मावशी पेन्सिल घालून ती फिरवत बसायची. कोणासाठी, ते तिनं कधी सांगितलं नाही.

आमच्या भिलाईचाही या गोष्टीत एक वाटा आहे. दिग्दर्शक अनुराग बसू जन्मानं भिलाईचे. पोलाद कारखान्यासाठी १९५० च्या दशकापासून देशभरातून माणसं इथे आली: बंगाली, मराठी, तेलुगू, मल्याळी, पंजाबी. एका क्वार्टरमधून रवींद्रसंगीत तर दुसऱ्यातून नाट्यगीत, असं हे गाव. बसूंच्या २००७ सालच्या 'लाइफ इन अ... मेट्रो'मध्ये संगीतकार प्रीतम आणि त्यांचे साथीदार चक्क पडद्यावर येतात, मुंबईच्या रस्त्यावर गिटारी घेऊन उभे राहतात आणि पात्रांच्या मनातलं गातात. त्यात बांगलादेशचे रॉक गायक जेम्स यांचा तो खरखरीत आवाज. पात्रं गप्प आणि बँड मोठ्यानं बोलतोय. आजीच्या प्रश्नाचं उत्तरच जणू! पुढे २०१२ च्या 'बर्फी!'मध्ये त्यांनी याच्याही पुढे जाऊन ऐकू-बोलू न शकणारा नायक घेतला. म्हणजे प्रेम सांगायचं सगळं काम उरलं ते चेहऱ्यावर आणि संगीतावर.

ओढ फक्त मुलांनाच असते का?

इथे थोडं थांबू या. आतापर्यंतच्या बहुतेक गाण्यांत गाणारा मुलगा आहे आणि मुलगी लांब कुठेतरी उभी आहे. तिला काय वाटतं हे आपल्याला कळतच नाही. मुलगी म्हणून ही गाणी ऐकताना मला नेहमी एक गंमत वाटायची: मी त्या मुलीच्या जागी कधीच नसायचे. मी त्या मुलाच्याच जागी असायचे. वाट मीही बघत होते की!

म्हणून 'द रॉनेट्स' या तीन मुलींचं १९६३ सालचं 'बी माय बेबी' मला महत्त्वाचं वाटतं. हॅल ब्लेन यांनी वाजवलेला सुरुवातीचा ड्रमचा ठेका ऐका. छातीतली धडधडच ती. आणि मग एक मुलगी सरळ विचारते. लाजत नाही, फिरवून बोलत नाही.

मराठीत हे काम 'सैराट'नं केलं. २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळेंचा हा सिनेमा आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद वाजवून घेतला. करमाळ्याकडच्या शिवारातलं, विहिरीतल्या उड्यांचं प्रेम आणि त्यामागे व्हायोलिनचे ताफे! कोणाला हे जास्तीचं वाटलं. मला वाटतं, पंधरा-सोळाव्या वर्षी मनात तेवढाच मोठा वाद्यवृंद वाजत असतो, फक्त बाहेर कोणाला ऐकू जात नाही. 'याड लागलं'मध्ये परश्याची ओढ आहे, तर 'आताच बया का बावरलं' आर्चीच्या मनातून येतं. आणि आर्ची नुसती वाट बघत नाही. ती बुलेट चालवते, नजरेला नजर भिडवते, आवडलं ते कबूल करते.

निरागसतेची किंमत

पण मंजुळेंनी आपल्याला फसवलं नाही. ज्यांनी सैराट पाहिलाय त्यांना शेवट सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना मी सांगणार नाही. इतकंच म्हणते की शेवटी संगीत नसतं. एवढा मोठा वाद्यवृंद वाजवलेल्या सिनेमाला शेवटी एक सूरही वापरावासा वाटत नाही, त्या शांततेत बरंच काही आहे.

त्याआधीचा त्यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला, नेमका व्हॅलेंटाइन डेला आला. जब्या शाळेतल्या शालूवर जीव टाकतो. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली की ती वश होईल, या समजुतीनं रानोमाळ चिमणी शोधत फिरतो. एक शब्दही तिच्याशी बोलत नाही. या सिनेमासाठी अजय-अतुलनी एक दणदणीत गाणं केलं होतं, ते खूप वाजलंही, पण सिनेमात ते नाही. जब्याच्या मनात वाजणारं गाणं जब्याच्या जगात मावत नाही, असंच ते.

कोणाला निरागस राहू द्यायचं हेही आपण ठरवतो. एकाचं प्रेम 'वयाचा खेळ' म्हणून हसण्यावारी जातं आणि दुसऱ्याचं प्रेम 'औकात' म्हणून ठेचलं जातं. जात बघून, घर बघून, कधी मुलगा आहे की मुलगी यावरून. प्रेमगीतांवर माना डोलावताना हे विसरू नये असं मला वाटतं.

ओढ कुठे संपते आणि त्रास कुठे सुरू होतो?

दुसरी बाजूही तितकीच खरी. हिंदी-मराठी सिनेमानं वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं की 'नाही' म्हणजे 'हो'च, फक्त थोडं जास्त मागे लागायचं. चाल गोड असली म्हणून पाठलाग गोड होत नाही. आपल्यापैकी कितीतरी मुलींनी शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता बदललाय, हे घरातल्या बायकांना विचारा.

मग फरक ओळखायचा कसा? माझी एक साधी कसोटी आहे. त्या गाण्यात तिच्या 'नाही'ला जागा आहे का? 'थर्टीन'मध्ये आहे. तिला नको असेल तर तो निघून जायला तयार आहे. भावगीतांत तर 'नाही' पोटात घालूनच गाणं सुरू होतं. ज्या गाण्यात मुलगी म्हणजे जिंकायची ट्रॉफी आहे, तिथे आवाज मोठा असो की छोटा, निरागसता उरत नाही. ओढ लावणाऱ्या माणसाला आधी स्वतःलाच त्रास होतो. दुसऱ्याला व्हायला लागला की ती ओढ राहत नाही.

घरातल्या मोठ्यांनो, हे करून बघा

मी काही समुपदेशक नाही. पण त्या वादळातून आमच्या घराला जे सुचलं ते सांगते.

यादी सापडली तर आधी गाणी ऐका. मुलगा किंवा मुलगी जे तुम्हाला सांगू शकत नाही, ते बहुतेक त्यात असतं.

चिडवू नका. पहिल्या प्रेमाचं हसू झालं की मूल दुसऱ्यांदा काही सांगत नाही, अगदी संकटात असलं तरी.

फोन काढून घेण्याआधी एक प्रश्न विचारा: "तिला काय वाटतं?" किंवा "त्याला काय वाटतं?" या एका प्रश्नात आदर, संमती, सुरक्षितता सगळं येतं.

आणि तुमचं एक गाणं त्यांना ऐकवा. किशोरवयात आणि तरुणपणी ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर सगळ्यात घट्ट आठवतात, हे संशोधकांनीही नोंदवलंय. तुमच्याकडेही तसं एक असणारच.

रविवारच्या एखाद्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ऐकायला माझी छोटी यादी: 'शुक्रतारा', 'ही चाल तुरुतुरु', 'बी माय बेबी', 'थर्टीन', 'गारवा', टोकियोतलं 'आय वाँट यू टू वाँट मी' आणि शेवटी 'आताच बया का बावरलं'. क्रम बदलला तरी चालेल. आवाज मात्र शेजाऱ्यांना विचारून!

आणि यादीचं काय झालं?

दोन दिवसांनी भाऊ गच्चीवर भेटला. चरोड्याच्या यार्डात मालगाडीचे डबे जोडत होते, एकावर एक आदळल्याचा तो लांब जाणारा आवाज येत होता. मी काही विचारलं नाही. त्यानंच सांगितलं.

"ताई, यादी मी तिला पाठवली होती. महिन्यापूर्वीच."

"मग?"

"ती म्हणाली, गाणी छान आहेत, पण माझ्या मनात तसं काही नाही."

"मग तू?"

"मग काय? ठीक आहे म्हटलं." थोडा वेळ तो गप्प राहिला. "वहीतली फाडायची राहिली होती."

आई ज्या वादळासाठी कुलूप लावत होती, ते महिन्यापूर्वीच येऊन गेलं होतं आणि माझ्या सोळा वर्षांच्या भावानं ते एकट्यानं, कोणालाही न सांगता, एक मुलगी 'नाही' म्हणाली म्हणून गुपचूप सोसलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं. आमच्यापैकी एकालाही त्यानं सांगितलं नव्हतं, याचं जास्त.

मी खाली येऊन आईला सांगितलं. ती बराच वेळ कुकरकडे बघत उभी राहिली. मग कपाट उघडून फोन काढला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "ते नऊ नंबरचं लाव. आजीला परत ऐकायचंय."

आजी तर केव्हाच झोपली होती.

त्यानं गाणं लावलं. आवाज एकदम कमी ठेवून.